मास्तर सुधारले

माझा दादा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मास्तर आहे आणि मी तिथेच काज-बटणाला आहे. घरी तो दादा, कारखान्यात मास्तर आणि पाठ वळली की तोफ. हे तिसरं नाव त्याला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरून, वरच्या थरावर खडूने आखून तो एका दमात कापतो. रेघ जराशी हलली तर चाळीस शर्ट वाया, म्हणून तो स्वतःवर जेवढा कडक तेवढाच दुसऱ्यांवर. चौकडीच्या शर्टाचा खिसा अंगाच्या चौकडीशी जुळला नाही की तो शर्ट धरून थेट शिवणाऱ्याच्या मशीनपाशी जायचा आणि विचारायचा, "हे घालून पोरगं शाळेत जाणार की सर्कशीत?" आवाज रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला ऐकू जायचा. त्या आवाजाने मीही दोनदा रडले आहे. बहीण म्हणून सूट वगैरे काही नव्हती.

एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास, कापता कापता, त्याला हार्ट अटॅक आला. त्याने आधी कापायचं मशीन बंद केलं, मग टेबलाखालच्या चिंध्यांच्या ढिगावर बसला आणि मला म्हणाला, "वहिनीला फोन कर, पण घाबरवू नकोस." दोन स्टेंट बसले. दोन महिने घरी विश्रांती झाली आणि तो पुन्हा कामावर आला.

आला तो सुधारून आला, असं सगळे म्हणायला लागले. ओरडणं नाही, टोमणा नाही. हातातलं काम संपलं की खुर्चीत बसून राहायचा. मालक माझ्यापाशी येऊन हसत म्हणाले, "तोफ थंडावली बरं का तुझी! मास्तर आता किती समजूतदार झालेत." मशीनवाल्यांना तर आनंद मावेना. घरी वहिनी शेजारणीला सांगत होती, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे ताटातल्याला नावं न ठेवता जेवतात." आणि मी? मीही त्या कौतुकात होते. आमच्या मावशीला मी फोनवर म्हटलं होतं, "अटॅकने दादाचा स्वभाव बदलला, एका अर्थी बरंच झालं." हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोलले आहे. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यात डॉक्टरांनी हॉस्पिटलमधून निघताना सांगितलं होतं, यांना टेन्शन देऊ नका. झालं! घरात कुणी त्याच्याशी भांडेना, काही विचारेना. टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात, पंख्याखालची जागा त्याची, फोनवर कुणाची वाईट बातमी आली की वहिनी फोन घेऊन संडासात जायची. त्याच्या मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाचा घोळ झाला तेव्हा चार दिवस सगळं घर कुजबुजत होतं. दादाला ते ऐकू येत होतं. पूर्वी अशा वेळी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि आम्ही म्हटलं, बघा, किती शांत झोप लागते.

तपासणीलाही मी सोबत जायचे. हृदयाचे डॉक्टर तरुण, चटपटीत, बोलताना नजर कॉम्प्युटरवर. "इको उत्तम, बीपी उत्तम, शुगर उत्तम. सिगारेट बंद ना? फिरणं चालू ना? काका, तुम्ही तर माझे आदर्श पेशंट!" दादा मान हलवायचा. तीन खेपांमध्ये त्या माणसाने दादाच्या काळजाचे ठोके मोजले, त्याची चित्रं काढली, आकडे लिहिले. पण काका, कसं वाटतंय, एवढं एकदाही विचारलं नाही. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, मी आपली उत्तम, उत्तम ऐकून खूश.

पहिल्यांदा मनात पाल चुकचुकली ती एका चौकडीच्या लॉटमुळे. साठ शर्ट, आणि साठांचेही खिसे वाकडे. नवा शिंपी पांढराफटक पडून उभा होता. दादाने वरचा शर्ट उचलला, पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाला, "चालेल." एकोणीस वर्षं मी त्याच्या हाताखाली काम करते आहे. हा शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शिंप्याने सुटकेचा श्वास सोडला. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे नीट बघायला लागले. साडेदहा वाजले की त्याच्या कपाळावर घाम यायचा. कात्री ठेवून तो मनगटाची नाडी धरून बसायचा, डोळे घड्याळावर. साडेअकरा उलटून गेले की उठायचा. रोज. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही गं, जरा बसलोय."

आणि मग तो डबा. दादाच्या टेबलावर तुटक्या, सुट्ट्या बटणांचा एक पत्र्याचा डबा असतो. कॉलरला एक बटण कमी पडलं म्हणून मी त्यात हात घातला. आयुष्यभर बटणं हाताळलेली बोटं माझी, बटण आणि गोळी यांतला फरक न बघता कळतो. वरती आणलं तर पांढरी गोळी. डबाच पालथा केला. तेवीस निघाल्या. वहिनी रोज दुपारच्या डब्यात कागदाच्या पुडीत घालून देते ती रक्त पातळ ठेवणारी गोळी. डॉक्टर सांगून सांगून थकले होते, ही एक दिवससुद्धा चुकवायची नाही, स्टेंट बंद पडेल, माणूस जाईल.

मी दादाला मागच्या गोदामात नेलं. "हे काय आहे?"

तो गोळ्यांकडे बघत राहिला. "फेकवत नव्हत्या," तो म्हणाला. "आणि घेववतही नव्हत्या."

"मरायचंय का तुला?"

"मरायचं नाही गं. पण जगायचं म्हणून एवढा खटाटोप कोण करणार."

मी मालकांना अर्धा दिवस सुट्टी सांगितली, म्हणजे नुसती सांगितली, मागितली नाही. वहिनीला फोन करून हॉस्पिटलच्या दारात बोलावलं. हृदयाच्या डॉक्टरांच्या टेबलावर तेवीस गोळ्या ओतल्या. एक घरंगळत त्यांच्या कीबोर्डपर्यंत गेली.

डॉक्टरांचा चेहरा पडला आणि लगेच ते दादावर घसरले. "काका, हा काय पोरकटपणा? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर, ओरडू नका त्यांच्यावर. का घेत नाहीत ते विचारा. आठ महिन्यांत एकदा तरी विचारलंत का?"

"हे बघा ताई, तो माझा विषय नाही. मनाचं काही असेल तर तिसऱ्या मजल्यावर विभाग आहे."

तिसऱ्या मजल्यावर! आम्ही दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो. आठ महिने आम्ही त्याच लिफ्टने वर येत होतो. मधे एकवीस पायऱ्या, त्या दिवशी रागाने चढताना मी मोजल्या. तेवढ्या अंतरावर माझ्या भावाचा इलाज होता आणि एकाही माणसाला बोट वर करून दाखवायला सुचलं नाही. आहाराचा तक्ता दिला, जिना किती चढायचा ते सांगितलं, मीठ किती ते सांगितलं. हे तेवढं राहिलं.

वरच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, शांत. कॉम्प्युटर बंद करून बसल्या. दादाला म्हणाल्या, "सकाळी डोळे उघडले की आधी काय मनात येतं?"

दादा म्हणाला, "अकरा वाजायचेत."

मग हळूहळू निघालं सगळं. झोप लागत नाही. डाव्या कुशीवर वळायची भीती वाटते. रोज सकाळी तो त्या वेळेची वाट बघतो, आणि वेळ टळली की आनंद होत नाही, उद्याची सुरू होते. कापड हातात घेतलं की वाटतं, कशाला. वहिनी पदर तोंडाशी धरून ऐकत होती. भिंतीकडे तोंड करून तो झोपत नव्हता, हे तिला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई समजावत म्हणाल्या, "हे मनाचं दुखणं आहे, स्वभाव नव्हे. अटॅकनंतर अनेकांना होतं, आम्हाला नेहमी दिसतं. औषध आहे, बोलून बरं करता येतं. आणि हे बरं झालं की हृदयाची गोळीही घेतली जाते."

"नेहमी दिसतं?" मी जवळजवळ ओरडलेच. "मग नेहमी दिसतं ते खालच्यांना का दिसत नाही? आम्हाला पहिल्याच दिवशी कुणी का सांगितलं नाही?"

"तुमचा राग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, म्हणून मला पुढे भांडता आलं नाही. त्या दादाकडे वळल्या. "पण तुम्ही घरी तरी का बोलला नाहीत?"

दादाने आधी वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही, चिडलाही नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं.

"काय बोलणार, डॉक्टर," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना मी आवडायला लागलो होतो."