ज्यानं उघडलं, त्यानंच लावावं

ऑफिसातली खिडकी उघडी राहून टेबलावर धूळ येत असली, तरी वानखडे मॅडम उठून ती लावत नसत. ज्यानं उघडली त्याला हाक मारत. तो खाली चहाला गेला असेल तर जिन्यातून वर बोलावत. "ज्यानं उघडलं, त्यानंच लावावं," एवढंच म्हणत. स्वतःच्या बाबतीत तर विचारूच नका. बडनेऱ्याहून रोज रेल्वेनं अकोल्याला येणाऱ्या या बाई, आपल्या कपाटाला कुलूप लावलं की नाही या शंकेनं एकदा स्टेशनवरून जठारपेठेतल्या ऑफिसात परत आल्या होत्या. गाडी गेली. कुलूप लावलेलंच होतं.

मला त्यांच्या या धास्तीचं हसू येई. माझी ती पहिली नोकरी. एका खासगी रक्तपेढीचा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो. कोणत्या गटाच्या किती पिशव्या, कुठल्या कप्प्यात, ही सारी माहिती डेटाबेसमध्ये. आणि ती आणायची तर आधी डेटाबेसशी कनेक्शन जोडावं लागतं. आम्ही नवशिक्यांनी प्रत्येक फाइलमध्ये आपापलं नवं कनेक्शन उघडून ठेवलं होतं. सर्व्हरची कनेक्शनची मर्यादा संपली की तो नवं द्यायला सरळ नकार देई. मॅडमनी एका दुपारी ते सगळं पुसून टाकलं, एकाच फाइलमध्ये एकच कनेक्शन उघडलं आणि बजावलं, "आता साऱ्याइनं हेच वापरा. मागा, काम करा, निंघा. बंद कोनी करू नका. थे माह्याकडे."

मी मान डोलावली. पण खोलीतून निघताना दिवा बंद करायचा, हे आईनं लहानपणी धपाटे घालून शिकवलेलं. अहवालाचं पान माझ्याकडे होतं. त्याच्या शेवटी मी सवयीनं एक ओळ लिहिली, कनेक्शन बंद करणारी. एकटीनं चालवून पाहिलं, छान चाललं. मॅडमना दाखवायचं मात्र राहून गेलं.

सोमवारी सकाळी रक्तपेढीत कुणीतरी अहवाल छापला आणि सगळ्यांचंच कनेक्शन तुटलं. काउंटरवर काही दिसेना. फोन आला. एका बाळंतिणीला तातडीनं रक्त हवं होतं, तिचा नवरा समोर उभा होता, आणि पिशवी कुठे आहे ते सापडत नव्हतं. ती ओळ मला डोळ्यांसमोर दिसत होती.

"अजी, कम्प्युटरकडे नका पाहू," मॅडम फोनवर सांगत होत्या. "फ्रिज उघडा. पिशवीवरची चिठ्ठी वाचा. दोघं जनं वाचा, मंगच द्या." दुसऱ्या हातानं त्या प्रोग्राम पुन्हा सुरू करत होत्या. रक्त वीस मिनिटं उशिरा पोचलं. बाई वाचली, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

आमच्या कंपनीच्या मालकांनी सगळ्यांना बोलावलं. "कनेक्शन कोनं बंद केलं?"

मी फरशीकडे पाहत राहिले. नोकरी लागली म्हणून बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते, तेच आठवत होतं.

"उघडलं मी होतं," मॅडम म्हणाल्या. "बंद झालं, त जबाबदारी माही."

रक्तपेढीवाले अडून बसले की या बाई आमच्या कामावर नकोत. महिनाअखेर मॅडम नोकरी सोडून निघाल्या. तो महिना मी त्यांच्या शेजारी बसून काढला आणि रोज डबा अर्धा टाकून उठले.

शेवटच्या दिवशी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेले. गाडी लागली. त्या खिडकीशी बसल्यावर मी कसंबसं म्हणाले, "मॅडम, ती ओळ माझी होती."

"मले मालूम हाये. प्रोग्राममधल्या प्रत्येक बदलाखाली करनाऱ्याचं नाव रायते ना, पोरी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"थे सांगनं तुह्यं होतं. मी काहून सांगू?" त्या रागावलेल्या नव्हत्या, थकलेल्या दिसत होत्या. "महिनाभर वाट पाहून राहिली होती. आज सांगशीन, उद्या सांगशीन."

गाडी हलली. मी स्टेशनवरून घरी गेले नाही, जठारपेठेत परत गेले. मालकांच्या दारावर टकटक केली.