गोजराबाई पाण्यात उतरल्या

चामराजपेटेतल्या जाधवांच्या गोजराबाई समुद्रावर स्वयंपाकाला निघाल्या, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाने, सयाजीने, जेवणाचं ताट पुढे ढकललं.

"अक्का, विधवा बाईनं परक्यांच्या होडीत राहायचं? आपल्या घरात आजपर्यंत कुणी असलं केलंय?"

"नाही केलं, म्हणूनच करायचं राहिलंय," गोजराबाई म्हणाल्या आणि ते ताट उचलून स्वतः जेवायला बसल्या.

त्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि त्या सयाजीच्या घरी आल्या. त्याची मुलं वाढवली, त्याच्या बायकोची बाळंतपणं काढली, आणि मुलं मोठी झाल्यावर आपल्या पोटापुरतं आपण मिळवावं म्हणून जयनगरात सूर्यकांत आणि वीणा या पुणेकर जोडप्याकडे स्वयंपाक धरला. सूर्यकांतची इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनी होती. पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्याने मालदीवच्या बेटांमधून फिरायला कप्तानासकट एक शिडाची यॉट भाड्याने घेतली. वीणाला सुट्टीत शेगडीपाशी उभं राहायचं नव्हतं आणि सूर्यकांतला आमटी-भात सुटत नव्हता. म्हणून गोजराबाईंचाही पासपोर्ट निघाला.

यॉटवरची शेगडी पाळण्यासारखी टांगलेली होती. बोट कलली की शेगडी सरळ राहायची आणि गोजराबाई कलंडायच्या. सुरुवातीला त्यांच्या पोटात पेजसुद्धा ठरेना. मग कप्तान मूसाने कमरेला पट्टा बांधून ओट्याला टेकून उभं राहायला दाखवलं, आणि हळूहळू त्या कलत्या घरात त्यांचे पाय रुळले. सकाळी उठून डेकवर पडलेले उडते मासे गोळा करायचे. कॉफी करायची. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी गोड्या पाण्याचा एकच तांब्या फिरवायचा. कोबी कागदात गुंडाळून बाकाखाली ठेवला तर टिकतो, कोथिंबीर काही केल्या टिकत नाही. एखाद्या बेटापाशी नांगर टाकला की कोळी कुपा मासा आणि शहाळी घेऊन यायचे. त्यांची भाषा गोजराबाईंना येत नव्हती. त्या चामराजपेटेतल्यासारख्याच "स्वल्प कमी करा, अण्णा" म्हणायच्या आणि ते हसून खरंच कमी करायचे.

झोपायला त्यांना बोटीच्या अगदी पुढच्या टोकाची खोली मिळाली होती. शेजारी नांगराची साखळी, वर एक झडप. बोट चालू असली की लाटा आत येतात म्हणून झडप बंद. दुपारी तिथे भट्टी पेटल्यासारखं व्हायचं. मागे डेकवर कापडाच्या सावलीत वारा असायचा, पण तिथे गाद्या टाकून मालक-मालकीण बसलेले. वीणा पाण्यात उड्या घ्यायची, नळी तोंडात धरून तासन्‌तास तरंगायची. गोजराबाई खालून खिडकीच्या गोल काचेतून तिचे पाय बघायच्या.

एके दुपारी त्यांनी मूसाला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "मला शिकवाल?"

मूसाने त्यांच्या लुगड्याकडे पाहिलं. गोजराबाईंनी ओळखलं. त्या खाली गेल्या, आपला एक परकर मधोमध फाडला आणि दोन पायांची विजार शिवून काढली. दुसऱ्या दिवशी मालक-मालकीण बेटावर गेल्यावर मूसाने त्यांच्या कमरेला दोर बांधला आणि शिडीवरून पाण्यात उतरवलं. नाकातोंडात पाणी गेलं. खाली तळाची वाळू स्पष्ट दिसत होती आणि ती आपल्याला ओढते आहे असं वाटून त्या ओरडल्या. पण शिडी चढून परत आल्या नाहीत. काही दिवसांत दोर सैल झाला, मग सुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या अंगाचं ओझं कुणीतरी दुसऱ्याने उचललं होतं.

सूर्यकांतने एकदा बेटावरून लवकर परतताना ते पाहिलं.

"गोजराबाई, हे काय चाललंय? तुम्हाला काही झालं तर रिस्पॉन्सिबिलिटी कुणाची?"

"माझी. दुपारची भांडी झाली की वेळ माझा असतो, साहेब."

"ते घरी. इथे मी सांगेन तसं. आणि उद्या माझे क्लायंट येतायत. ते असेपर्यंत तुम्ही वर यायचंच नाही. जेवण मूसा वर आणेल."

गोजराबाईंनी विजारीचं पाणी पिळलं आणि त्या खाली गेल्या. त्याला वाटलं, पटलं.

सिंगापूरचे पाहुणे आले. गोजराबाईंनी कुप्याचं कालवण केलं, नारळाच्या दुधातला भात केला. वर वाहवा झाली, ती त्यांना फळ्यांमधून ऐकू आली. मग बोट निघाली, झडप बंद झाली. त्या खोलीत पडून राहिल्या. घाम पाठीखाली साचला, श्वास घेववेना. कुणी त्यांना पाणी हवंय का, असंही विचारलं नाही. दुपारी एका बेटाच्या आडोशाला नांगर पडला. साखळी डोक्याशी खडखडली. गोजराबाई उठल्या, विजार चढवली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि जिन्याने वर आल्या.

डेकवर हातात ग्लास धरलेल्या पाहुण्यांच्या मधून वाट काढत त्या सरळ मागच्या शिडीकडे निघाल्या.

"गोजराबाई!" सूर्यकांत दबक्या आवाजात म्हणाला. "खाली जा. आत्ताच्या आत्ता."

"खालीच निघाले," त्या म्हणाल्या आणि पाण्यात उतरल्या.

त्या पोहत लांब गेल्या. वीणाइतकं सफाईदार नव्हतं ते, हातपाय आपटणंच होतं, पण त्या बुडाल्या नाहीत आणि मागे वळून पाहिलं नाही. परतल्या तेव्हा ओलेत्यानेच खाली जाऊन संध्याकाळच्या कांदाभजीचं पीठ भिजवायला घेतलं.

पाहुणे गेल्यावर बोट पुन्हा निघाली, तेव्हा वीणा त्यांच्या खोलीत आली. दारातच तिला घाम फुटला.

"एकदा सॉरी म्हणा ना. तो चिडलाय, पण विसरेल. नाहीतर राजधानीला, मालेला उतरवून परत पाठवणारे तुम्हाला."

"सॉरी कशाबद्दल, ते सांगा. मग म्हणते."

वीणाने तोंड उघडलं. बंद झडपेकडे पाहिलं. आणि निघून गेली.

मालेला सूर्यकांतने त्यांच्या हातात विमानाचं तिकीट दिलं. मूसाने त्यांची ट्रंक धक्क्यावर ठेवली आणि सगळ्यांदेखत त्यांना हात जोडून नमस्कार केला. जयनगरातलं काम अर्थातच सुटलं.

सयाजीला तर निमित्तच मिळालं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "अक्काला हाकलून दिलं." गोजराबाई ते ऐकायच्या आणि मध्येच दुरुस्त करायच्या, "हाकललं, खरं आहे. का हाकललं तेही सांग की." शेजारणी म्हणायच्या, किती काळ्या पडलात हो. "समुद्रावर सावली विकत मिळत नाही," त्या सांगायच्या. उन्हाळाभर त्यांनी लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक केला. बंद खोलीत झोप येईना म्हणून रात्री अंगणात निजल्या, आणि घरात परत कुणाच्या परवानगीने वागल्या नाहीत.

दिवाळीच्या सुमारास कोपऱ्यावरच्या फोनबूथवाल्याने निरोप आणला. मूसाचा फोन होता. आता तो दुसऱ्या यॉटवर होता, आणि तिथे स्वयंपाकाला बाई हवी होती.

गोजराबाईंनी फोनवर, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "येते. पण खोलीला वारा पाहिजे. जेवण सगळ्यांबरोबर, एका टेबलावर. आणि दुपारी मी पोहणार. विचारून सांगा त्यांना. नाही म्हणाले तर फोन करू नका."

फोन आला.

निघायच्या सकाळी सयाजी उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "या वेळी गेलीस तर परत या घरात..."

"तर काय?" गोजराबाईंनी विचारलं.

सयाजीचं लग्नाआधीपासूनचं जेवण या बाईच्या हातचं होतं. तो बाजूला झाला, पण ट्रंकेला हात लावला नाही. त्यांनी ती स्वतःच ओढत रस्त्यावर आणली, ऑटो थांबवली, आणि ट्रंक आत घालता घालता रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मीटर घाला, अण्णा. मेजेस्टिक, बसस्टँड. स्वल्प लवकर, माझी बोट थांबलीय."