उशिरा पिकणारं द्राक्ष

इटलीतल्या या टेकडीवर सकाळच्या धुक्यात आता द्राक्षाची एकच जात वेलीवर उरलीय, नेब्बिओलो. वाईनच्या या काळ्या द्राक्षाचं नावसुद्धा म्हणे धुक्यावरूनच पडलंय. सगळ्यांआधी फुलतं, सगळ्यांनंतर पिकतं. आम्ही निफाडची माणसं, आभाळ भरलं की कात्री हातात घेतो. काल मीही न विचारता क्रेटभर घड तोडले, आणि मग वाटलं, आता काम जाणार. म्हाताऱ्या मालकांनी त्यातलाच एक मणी माझ्या तोंडात घातला. तुरटपणानं जीभ आखडली. ते हसले, "माझ्या पणजोबांनाही यानं असंच ताटकळत ठेवलं रे! तुला कसली घाई? उद्या ये, कधी तोडायचं ते शिकवतो."

आठवीत शाळा सुटली तेव्हा आपलं शिकणं संपलं, असंच धरून चाललो होतो. आज मालकांच्याही आधी बागेत येऊन बसलोय.