नकटीचा परवाना

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच सुमारास मला तिथल्या कलेक्टर कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. नांदेडच्या आमच्या बौद्ध वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिलीच मुलगी. टेबल मिळालं शस्त्रपरवान्यांचं. जुन्या जिल्ह्यातून गठ्ठ्यांनी आलेल्या फायली लावायच्या आणि नूतनीकरणाला आलेलं हत्यार परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघायचं. बहुतेक लांब नळीच्या बंदुका असत, आणणारे मिशीवाले बागायतदार.

दुष्काळातल्या एका दुपारी रेणापूरकडच्या एक आजी आल्या. साठी उलटलेली, डोक्यावर पदर. त्यांनी कापडी पिशवीतून बोटभर नळीचं एक जुनं रिव्हॉल्वर काढून माझ्यासमोर ठेवलं.

"ही आमची नकटी," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. नाव अगदी चपखल होतं.

नवरा वारल्यावर परवाना त्यांच्या नावावर झाला होता. गावाबाहेर शेतातल्या घरात त्या एकट्याच राहत. साहेबांनी फाईल बघितली आणि म्हणाले, "या वयात कशाला ठेवता? जमा करून टाका."

"चालवता येतं का न्हाई ते बघा की आधी," आजी म्हणाल्या. "मग जमा कर म्हना."

साहेबांनी चाचणी घेण्यासाठी पोलिसांच्या नावे पत्र दिलं. फाईल घेऊन मी बरोबर गेले.

लातूरच्या बाहेर माळावर पोलिसांच्या गोळीबाराच्या सरावाची जागा होती. तिथं हत्यारं दुरुस्त करणारे एक म्हातारे हवालदार होते. त्यांनी नकटी हातात घेतली, चाक फिरवून कानाशी धरलं आणि त्यांचा चेहराच खुलला.

"बाई, नव्या पिस्तुली लई येतात माझ्याकडं," ते मला म्हणाले. "कुठं गोळी अडकते, कुठं स्प्रिंग बसते. हिच्यात बिघडायला हायच काय? चाप ओढा, चाक फिरतं. लांबचं लागत न्हाई, पन ही हाय चार पावलांवरची सोबत."

मग त्यांनी पाच काडतुसं भरून दिली. आजींनी पदर खोचला. पहिली गोळी मातीत गेली. मी कान दाबून उभी होते. पुढच्या चारातल्या तीन पुठ्ठ्याच्या निशाणाला लागल्या. आजी तोंडाला पदर लावून लहान मुलीसारख्या हसल्या. हवालदारांनी तिथंच लिहून दिलं, हाताळण्यास सक्षम.

परतताना आम्ही लिंबाखाली टेकलो. ऊन मी म्हणत होतं. कचेरीत पाणी नसायचं म्हणून मी फिरकीचा तांब्या जवळ ठेवत असे. तो उघडला आणि थबकले. माझ्या आईला अशा सवर्ण शेतकरी घरच्या बायका वरून ओंजळीत पाणी घालत. मी आधीच सांगून टाकलं, "आजी, आम्ही बौद्ध आहोत."

"पानी हाय ना त्यात? मग दे की," त्या म्हणाल्या आणि तांब्या तोंडाला लावून प्यायल्या.

मी विचारलं, "एवढं काय आहे या नकटीत?"

"मालक गेले तवा दीर म्हनले, बंदूक बायामानसाला कशाला? मी म्हनलं, मोठी तुम्ही न्या. ही माझ्या हाताच्या मापाची हाय."

त्यांनी रिकामी नकटी माझ्या तळव्यावर ठेवली. लाकडी मूठ झिजून गुळगुळीत झालेली, वजन मात्र चांगलंच. कुठं कोपरा नाही, कुठं टोचणारं काही नाही. शस्त्र हातात धरून बरं वाटलं, याचं मलाच नवल वाटलं.

परवाना नवा झाला. पुढं मुदत संपली की आजी यायच्या, आणि कधी हुरडा, कधी बोरं माझ्या टेबलावर ठेवायच्या. नोकरीच्या पुढच्या वर्षांत मी कितीतरी हत्यारं ताडून बघितली. चकचकीत परदेशी पिस्तुलं आणणारी तरणी माणसंसुद्धा अशी एखादी आखूड जुनी दिसली की थांबून बघत, हातात घेऊ का म्हणून विचारत.

नजर अधू झाली तशी आजी आपण होऊन आल्या. "आता न्हाई दिसत," म्हणाल्या आणि जमा करण्याच्या अर्जावर सावकाश सही केली. मी पावती फाडून दिली. त्यांनी ती कमरेच्या पिशवीत ठेवली आणि विचारलं, "तुझं काम किती वाजता सुटतं?" सुटल्यावर आम्ही दोघी स्टँडवर गेलो आणि रेणापूरची गाडी लागेपर्यंत उसाचा रस पीत गप्पा मारत बसलो.