एका सामन्याचा करार

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला मास्टर्स केलं, ते संपलं आणि नोकरी शोधायला लागलो तेव्हा कोरोना होता. अर्ज करायचे, नकार वाचायचे, सायकल काढून हिंडायचं. निर्बंध जरा सैल झाले तेव्हा एका मैदानावर हेल्मेट घातलेली दांडगी माणसं एकमेकांवर धडकताना दिसली. अमेरिकन फुटबॉल. साथीमुळे त्यांच्या क्लबचे परदेशी खेळाडू आले नव्हते, असं कळलं. मी म्हटलं, मला खेळून बघू द्या.

गावाकडे मी कबड्डीत कोपऱ्याला खेळायचो. चाचणीत त्यांच्या सगळ्यांत वेगवान गड्याचा घोटा धरला. तो आडवा. हंगामाचा करार झाला, मानधनासकट. रीतसर सही केली.

पहिल्याच सामन्यात घोळ घातला. अंगावर येईल त्याला धरायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. इथे ज्याच्या हातात बॉल, त्यालाच धरायचं. दोनदा भलत्यालाच कवटाळलं, दोनदा पंचाचं पिवळं फडकं पडलं, म्हणजे संघाला दंड. कोच ओरडला, "आधी बॉल कुणाकडे आहे ते बघ!"

"आमच्या खेळात बॉलच नसतो!"

"मग बाकावर बसून बघ, कसा असतो!"

बसलो. उत्तरार्धात आमच्यातल्या एकाचा खांदा दुखावला, तेव्हा पुन्हा उतरवलं. समोरच्या संघाचा धावपटू कडेकडेने सुटला. बॉल त्याच्या बगलेत, नीट बघून घेतला. झेप टाकली, घोटा सापडला. त्याने मला फरपटत नेलं, पण मी सोडला नाही. गोलरेषेच्या दोन पावलं अलीकडे तो कोसळला. आमची सगळी पोरं माझ्या अंगावर पडली.

पुढच्या सामन्याआधीच रुग्ण वाढले, मैदानं बंद झाली. करार संपल्याचं दोन ओळींचं ईमेल आलं. हंगाम पुन्हा उभा राहिलाच नाही.

मग तिथल्याच फेल्डहोवन गावातल्या एका इंजिनिअरच्या नोकरीसाठी सीव्ही नीट करायला बसलो. रूममेट पुण्याचा, घरात तीन पिढ्या इंजिनिअर. तो म्हणाला, "'व्यावसायिक खेळाडू'? काढ रे ते. एक मॅच खेळलास. हसतील."

"हसू देत."

"बरं, छंदात टाक."

"छंदावर कोण करार करतं?"

"अरे, विचारलं तर काय सांगशील?"

"विचारायची वेळच नको यायला," म्हटलं. लॅपटॉप माझ्याकडे ओढला, त्या ओळीपुढे 'सामने : एक' असं टाइप केलं आणि त्याच्यासमोरच अर्ज पाठवला.