मुळ्ळय्यनगिरी, उघडा एअर फिल्टर आणि मूठभर गुलाल

मुळ्ळय्यनगिरीला जायचं ठरलं ते सकलेशपूरच्या एका चहाच्या टपरीवर. ऑगस्टमधली राइड होती. आम्ही सहा जण, सगळे मराठी, बेंगळुरूतल्या एका गणेशोत्सवात ओळख झालेले. बाकीचे पाच तिशीतले, व्हाइटफील्ड आणि हेब्बाळच्या आयटी कंपन्यांतले. मी एकोणपन्नासचा, यशवंतपूरला पॅकिंगच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. घाटात माझी साडेतीनशे सीसीची गाडी मागे पडली आणि ते पाच जण पाऊण तास त्या टपरीवर माझी वाट बघत बसले. मी पोचलो तेव्हा त्यांचा दुसरा चहाही संपला होता.

अभिजित पुण्याचा, राइडचं सगळं तोच ठरवतो. तो म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मुळ्ळय्यनगिरी. तुम्ही सरळ बसने या, आम्ही स्टँडवरून पिकअप करतो."

सगळे हसले. मीही हसलो.

पण ते बोलणं मनातून गेलं नाही. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली, त्याला वर्ष होत आलं. नात आता रांगते, मुलीला नोकरी आहे, त्यामुळे बायको लवकर परतेल असं दिसत नाही. रोज फोन होतो, पण फोनवर निम्मा वेळ नातच दिसते. कारखान्यात हिंदी, दुकानात कन्नड. समोर बसून मराठी बोलायला मला या शहरात हे पाचच जण आहेत. तेही गेले तर शनिवार-रविवार काय करायचं, हे मला खरंच माहीत नव्हतं.

म्हणून सप्टेंबरमध्ये गाडी घेऊन जे. सी. रोडला गेलो. तिथल्या मेकॅनिकने सांगितलं की गाडी चढाला दमते, कारण तिला श्वास पुरत नाही. कंपनीचा एअर फिल्टर बंद डब्यात असतो, त्यातून हवा बेतानेच येते. त्याने तो डबा काढून उघडा फिल्टर बसवला, कापसाच्या जाळीचा, तेल लावलेला, लाल रंगाचा. हवा वाढली की पेट्रोलही त्या मानाने वाढवावं लागतं, म्हणून इंजिनाचं सेटिंगही बदलून दिलं. हे करायचं असेल त्यांच्यासाठी सांगतो: दोन्ही मिळून सात हजारांच्या आसपास गेले, अर्धा दिवस लागला. नुसता फिल्टर बदलून सेटिंग तसंच ठेवू नका, इंजिन तापतं. निघताना तो म्हणाला, "अण्णा, पहले इसका नाक ढका हुआ था, अब खुला है. धूल-पानी से स्वल्प संभालना."

फरक पहिल्याच दिवशी कळला. तुमकूर रोडच्या उड्डाणपुलावर गाडी अशी सुटली की मी मुठीवरचा हात सैल केला. टाकीखालून एक खोल आवाज येऊ लागला, मोठं जनावर नाकाने श्वास घेतं तसा.

मग आली खंडेनवमी, इथली आयुधपूजा. त्या दिवशी बेंगळुरूत रिक्षापासून क्रेनपर्यंत सगळ्यांना हार पडतात, चाकाखाली लिंबं ठेवतात. आमचं कुलदैवत जोतिबा. माझं गाव गडहिंग्लजकडचं, तिकडे आमच्या घरी नवं काहीही आलं, अगदी मिक्सर आला तरी, त्याच्यावर जोतिबाचा गुलाल पडतो. गावाहून आणलेली पुडी देव्हाऱ्यात होती. मी गाडी धुतली, हार घातला, नारळ वाढवला. आणि गाडीत नवा होता तो फिल्टर, म्हणून सगळ्यात जास्त गुलाल त्याच्यावर टाकला. चांगला मूठभर. लालावर गुलाबी, दिसलाही नाही.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी पहाटे पाचला नेलमंगलच्या टोलनाक्यापुढे जमलो. तिथून कुणिगलपर्यंत रस्ता लोण्यासारखा आहे. कुणिगलला तट्टे इडली खा, ताटलीएवढी असते, दोनात पोट भरतं. पुढे हासन, बेलूर, चिक्कमगळुरू. एकूण अडीचशे किलोमीटर, थांबत गेलात तर साडेपाच तास. हासनपर्यंत मी तिसऱ्या नंबरवर होतो. तिसऱ्या. अभिजितने आरशातून बघून अंगठा दाखवला तेव्हा मला शाळेत वर्गापुढे उभं करून शाबासकी मिळाल्यासारखं झालं.

बेलूर सोडलं आणि भुरभुर पाऊस लागला. चिक्कमगळुरूच्या पुढे घाट सुरू झाला तशी गाडी जड होत गेली. पेट्रोलचा वास, मागून काळा धूर. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पहिल्या गिअरमध्येही ती ओढेना आणि बंद पडली. मी कडेला घेतली. पाच दिवे धुक्यात वर गेले.

दहा मिनिटांनी अभिजित एकटा परत आला. त्याने किक मारून बघितली, घड्याळ बघितलं. वर गाडी न्यायला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आमची सकाळची होती, बारापर्यंतची. (नियम बदलत राहतात, निघण्यापूर्वी बघून घ्या.) तो ओशाळला होता, हे सांगायला हवं.

"काका, स्लॉट जाईल हो. तुम्ही खाली गॅरेजला दाखवा. आम्ही येताना बघतो तुम्हाला."

मी म्हटलं, जा, जा. तो गेला.

उतारावर इंजिन बंद ठेवूनच गाडी खाली आली. चेकपोस्टच्या अलीकडे एक पत्र्याचं गॅरेज आहे, मागेच मालकाचं घर. मालक साठीचा, कपाळावर विभूती, हातात पाना. त्याने सीटखालचं झाकण काढलं, फिल्टरवर बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यासमोर धरलं. बोटाला गुलाबी चिखल होता. माझ्या तोंडून जोतिबाचं नाव गेलं. त्याने मान वर केली.

"तुमी मराटे?"

त्याचं नाव तुकोजी. त्याचे पूर्वज शहाजीराजांच्या काळात फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी, पण बाहेर बोलायला कोणी नाही. माझी मराठी वेगळी वाटते, असं मी भीत भीत म्हटलं तर तो म्हणाला, "मग. आमची घोड्यावरनं आली, तुमची रेल्वेनं."

मग फिल्टर उजेडाकडे धरून त्याने विचारलं, "देवाला की इंजिनाला वाहिला हा?"

मी सगळं सांगितलं. धूळ-पाण्यापासून जपायला सांगितलं होतं, ते मी पाळलं होतं. पण गुलाल म्हणजे धूळ, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. तेलाने तो धरून ठेवला, पावसाने त्याचा लेप झाला आणि गाडीचा श्वास कोंडला. तुकोजी हसला नाही. म्हणाला, त्याच्या बायकोने एकदा शिलाई मशीनवर तांदळाचं पीठ आणि कुंकू घातलं होतं, तेही त्यालाच उघडावं लागलं.

त्याने फिल्टर बादलीतल्या शाम्पूच्या पाण्यात धुतला, आतून बाहेर पाणी सोडत. गुलाबी पाणी गटारात जाऊ लागलं तसं मी म्हटलं, थांबा. त्याला न सांगताच कळलं. ती बादली त्याने घरामागच्या तुळशीपलीकडे, कॉफीच्या झाडाखाली ओतली. कॉम्प्रेसरची हवा मारली तर कापूस फाटतो, म्हणून फिल्टर चुलीच्या वर टांगला. तीन तास. तेवढ्यात भात, हुरुळीचं, म्हणजे कुळथाचं, सार आणि पापड झाला. वहिनी दारामागून कन्नडमिश्रित मराठीत आग्रह करत होत्या, "स्वल्प घ्या, स्वल्प घ्या."

एकच्या सुमाराला पाचही गाड्या खाली आल्या. फिल्टर अजून ओला होता. होमस्टे वीस किलोमीटरवर होता, त्यांना भूक लागली होती. लोकेशन पाठवतो म्हणून ते गेले. तुकोजीने गाड्या दिसेनाशा होईपर्यंत पाहिलं आणि चुलीवरचा फिल्टर फिरवून टांगला.

फिल्टरबरोबर मिळालेली तेलाची बाटली माझ्याकडे होती. तेल लावून, फिल्टर बसवून गाडी चालू केली तेव्हा तो खोल आवाज परत आला. होमस्टेचा रस्ता उजवीकडे होता. मी डावीकडे, वर निघालो. चेकपोस्टवरच्या माणसाने माझी नोंदणी बघितली, वेळ उलटून गेली होती. मग माझ्यामागे बघितलं.

"ओब्बरेना?" म्हणजे, एकटेच का.

मी हो म्हटलं. त्याने आडवा बांबू वर केला.

त्या घाटात गाडी जशी चढली तशी कधीच चढली नव्हती. दुसऱ्या गिअरमध्ये वळणं घेत होती, मला फक्त धरून बसायचं होतं. दोन्ही बाजूंना हिरवं गवत, खाली ढग. ज्यासाठी एवढं केलं ते सगळं झालं आणि ते बघायला कोणी नव्हतं. वर शेकडो पायऱ्या आहेत, दम लागतो, सावकाश चढा. टोकावर छोटं शंकराचं देऊळ. धुक्यात घंटेचा दोर हाताला लागेपर्यंत दिसत नव्हता. मी काहीच मागितलं नाही. नुसता बसलो.

संध्याकाळी होमस्टेवर पोचलो. शेकोटी, पत्ते, गरम भजी. अभिजितने जागा करून दिली. विचारलं, काय झालं होतं गाडीला?

मी म्हटलं, "कचरा अडकला होता. रस्त्याचा."

शब्द तोंडातून गेला आणि हातातलं भजं मी परत ताटलीत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गुलालाला कचरा म्हटलं, आणि तेही देवळातून उतरून तीन तास झाले नव्हते तेव्हा. का, तर पोरं हसतील म्हणून.

रविवारी परत येताना मी हासनपर्यंत सगळ्यांच्या पुढे होतो. हेल्मेटमध्ये कोण कोणाशी बोलणार? पुढे असो की मागे, आत एकटाच असतो माणूस. नेलमंगलला सगळ्यांनी हात केले आणि फुटले. घरी येऊन देव्हाऱ्यासमोर बसलो, पण डोळे मिटेनात.

फिल्टर घ्यावा का, असं काही वाचक विचारतील. घ्या. चढाला फरक पडतो, मायलेज थोडं कमी होतं, पावसात जपावं लागतं. पूजा करायची असेल तर टाकीवर करा.

हे लिहायला बसण्याआधी मी अभिजितला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. तो खूप वेळ हसला. मग म्हणाला, "काका, तेव्हाच सांगायचं ना. आम्ही थांबलो असतो का, माहीत नाही. पण सांगायचं." मग पुढच्या महिन्यातल्या राइडला येताय ना, असं विचारलं.

मी म्हटलं, "येतो. पण मागे राहिलो तर माझ्यासाठी थांबू नका. मी येईन माझा."

तो "बरं" म्हणाला. इतक्या लगेच म्हणाला की मला थोडं वाईटच वाटलं.