आवाज न करणारी पेटी

माझी पत्नी मंगळवारी दुपारी वारली. त्या दिवसापासून घरात आई आणि मी राहतो.

घर श्रीगोंद्यात आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. पत्नी प्राथमिक शाळेत चौथीचा वर्ग शिकवायची. घशाच्या आजाराने ती घरी बसली, पण वर्ग तिच्या डोक्यातून जाईना. पुस्तकांच्या ढिगाला मोबाईल टेकवून ती धडे रेकॉर्ड करायची आणि तिच्या जागी आलेल्या बाईंना पाठवायची. मोबाईल भरला की सगळं घरच्या कॉम्प्युटरवर टाकून मोबाईलमधलं पुसायची. ती गेल्यावर मी त्या बाईंना विचारलं. त्यांच्याकडचे धडे केव्हाच पुसले गेले होते. एकतीस धडे, आणि ते एकाच जुन्या डिस्कवर.

आई दुपारी ते टीव्हीवर बघायची. कॉम्प्युटर टीव्हीखालच्या कपाटात होता आणि त्याचा पंखा सतत घरघरायचा. सुरुवातीच्या धड्यांत पत्नीचा आवाज खणखणीत आहे, पण नंतर तो बारीक होत जातो. अपूर्णांकांपर्यंत आल्यावर तिचे ओठ हलताना दिसत आणि कानाला फक्त घरघर येई. आवाज वाढवला की तो फाटायचा. आम्ही छताचा पंखा बंद करून घामाघूम होऊन बसायचो.

"काय म्हनली रं ती?" आई विचारायची.

"पाव आणि अर्धा सांगतेय."

"मला न्हाई आलं ऐकू. ह्या डबड्याचं तोंड बंद कर आधी."

मी वाचायला लागलो. सवयीने वहीत टिपणं काढली. टीव्हीजवळ बिनपंख्याची, बिनडिस्कची लहान पेटी ठेवायची. डिस्क असलेला कॉम्प्युटर आतल्या खोलीत न्यायचा आणि दोघांना भिंतीतून वायरने जोडायचं. चालू झाल्यावर पेटी आपल्याला लागणारं सगळं वायरीवरून आतल्या कॉम्प्युटरकडून मागून घेते. तिच्या स्वतःच्या पोटात काही नसतं, म्हणून तिचा आवाजही नसतो.

वाचताना हे सोपं वाटलं. प्रत्यक्षात कॉम्प्युटर उचलून आत नेतानाच मी तो वाटेत दोनदा खाली टेकवला. आज्ञा टाईप करताना एकेक अक्षर मी वहीशी तीनदा ताडून बघायचो. एका चुकीच्या ओळीने डिस्क कोरी होऊ शकते, हे मी वाचलं होतं, आणि वाचल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

वायर ओढायला मेव्हणा आला. पत्नीचा हा धाकटा भाऊ नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. त्याने पेटी हातात तोलून बघितली.

"दाजी, हिला मेंदू हाय का नुसतं डोकंच?"

"मेंदू आतल्या खोलीत."

"म्हंजे आमच्या सायबासारखं. खुर्चीत हा बसनार, इचार दुसराच करनार."

आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

पहिल्या दोन खेपांना पडद्यावर 'काही सापडलं नाही' एवढंच उमटलं. तिसऱ्यांदा चित्र आलं. खोलीत कसलाही आवाज नव्हता. पत्नी अपूर्णांक शिकवू लागली आणि प्रत्येक शब्द ऐकू आला. दोन वाक्यांच्या मध्ये तिचा श्वासही ऐकू आला, घासत येणारा. त्याची मला कल्पना नव्हती. मी उठून आतल्या खोलीत गेलो. तिथे दुसराच आवाज होता. घरघरीच्या खालून डिस्क थांबून थांबून टकटकत होती. टीव्हीच्या गडबडीत तो मला कधी ऐकू आला नव्हता.

"डिस्क मरायला लागलीय, दाजी," मेव्हणा हळू आवाजात म्हणाला. "उद्याच नवी आना. आधी कॉपी, मग बाकी सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी डिस्क आणून जोडली आणि कॉपी सुरू केली. बराच वेळ लागेल असं दिसत होतं. कॉलेजात पुस्तकं परत घेण्याचा शेवटचा दिवस होता. मी आईला बजावलं, "बटणाला हात लावू नकोस." दिवस एप्रिलचे होते.

चार वाजता परत आलो तर आई दारातच समाधानाने बसलेली.

"लई घरघरत हुतं. बटनाला न्हाई शिवले, तू म्हनला हुतास. जाड गोधडी पांघरली, दोन घड्या घालून. आता बघ कसं गप झालंय."

गावाकडे गिरणीचा आवाज नको असला की ती दाराला गोधडी लावायची. खुडूक होऊन कुरकुरणारी कोंबडी डालग्याच्या टोपलीखाली कोंडून वर पोतं टाकायची. ज्याने गप व्हायचं त्याला पांघरायचं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आणि मी महिनाभर तिच्यापुढे फक्त आवाजाबद्दल बोललो होतो. कॉम्प्युटरला वारा लागतो, हे एकदाही सांगितलं नव्हतं. पुस्तक कसं धरायचं हे मी कॉलेजात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

गोधडी काढली. पत्र्याला हात लावला आणि मागे घेतला. कॉम्प्युटर तापून आपोआप बंद पडला होता. मी मेव्हण्याला फोन लावला.

"लगेच चालू करू नका. गार होऊ द्या. आन् फ्रीजमध्ये ठेवू नका म्हंजे झालं."

मी हसलो नाही. तोही हसला नाही.

आईला आता समजलं होतं. तिने पुठ्ठा घेतला आणि कॉम्प्युटरसमोर मांडी घालून वारा घालू लागली. हात दुखला की हात बदलायची. "ती हाय ना रं आत?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, बघू.

तासाभराने मेव्हण्याला पुन्हा फोन लावला आणि तो फोनवर असतानाच चालू केल्यावर कॉम्प्युटर उठला. तारखेप्रमाणे पहिले बारा धडे नव्या डिस्कवर आले होते. पुढचे एकोणीस जुन्या डिस्कवरच होते आणि टकटक वाढली होती. आता आधी कोणता घ्यायचा हे मला ठरवायचं होतं. मी शेवटचा धडा निवडला. तो अर्ध्यावर अडकला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा केला.

"दाजी, सोडा तो!" मेव्हणा फोनवर ओरडला. "बाकीचं घ्या. माझी बहीन हाय ती बी, सोडा म्हन्तो ना!"

मी सोडला. शेवटाकडून मागे येत एकेक धडा घेत गेलो. सात धडे आले. आठव्याला टकटक थांबली आणि यादी रिकामी झाली. तीन प्रयत्नांत गेलेल्या वेळात आणखी किती आले असते, हा हिशोब मी अजून केलेला नाही.

डिस्क नगरला एका दुकानात दाखवली. तिथल्या माणसाने ती दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवून परत दिली.

टीव्हीजवळची पेटी चालते, आवाज करत नाही. आई आतल्या खोलीत पाय ठेवत नाही. तिथलं धान्य काढायचं असलं तरी मला हाक मारते. दुपारी एक धडा लावते, आणि मी घरी असलो की तो संपेपर्यंत आतल्या कॉम्प्युटरपाशी कान देऊन उभा राहतो.

आता बारा आणि सात, असे एकोणीस धडे आहेत, दोन डिस्कवर. एक डिस्क आतल्या खोलीत आहे, दुसरी ग्रंथालयातल्या माझ्या कपाटात.